फडताळातल्या कपबश्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी गुंजवणे येथे केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कोणी विद्वान बाई येतात आणि चांगले विचार सांगून जातात. यंदा अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपल्यातलीच कोणीतरी आपल्या छंदाविषयी बोलू दे," आणि त्यांनी माझे नाव घातले. मला घाम फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माझे माहेर भोर तालुक्यातले. हायस्कूल ओढ्यापलीकडे, आणि पावसाळ्यात ओढ्याला कमरेइतके पाणी. तेथेच माझी शाळा संपली. भाषण कसे करतात ते मला ठाऊक नाही. पण कपबश्यांवर बोलायचे असेल तर बोलेन, असे मी कबूल केले. काही चुकले-माकले तर पदरात घ्या.

तुमच्यापैकी बहुतेकींनी माझे फडताळ पाहिले आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्वयंपाकघरात शिरताना उजव्या हाताला ते आहे. यजमानांनी जुन्या खिडकीची तावदाने लावून ते घरीच तयार केले. त्याला चार फळ्या, फळ्यांना कातरलेल्या कागदाची झालर, आणि आजमितीस त्यात ५८ कप आहेत. बश्या मात्र ४१ च. आमचे मामंजी जन्मभर बशीतूनच चहा प्याले, त्यामुळे आमच्या घरी बश्यांचे आयुष्य कमी.

हे वेड कसे लागले ते आधी सांगते. २००० साली माझे लग्न झाले. मामाने आंदण म्हणून सहा कपबश्यांचा संच दिला होता. पांढरा रंग, त्यावर बारीक निळी फुले. माहेरी आम्ही पितळीत नाहीतर जर्मनच्या पेल्यात चहा पीत असू, त्यामुळे मला त्या संचाचे मोठे अप्रूप. पण सासरी आले आणि आत्याबाईंनी तो संच पेटीत घातला. म्हणाल्या, "सोयरेधायरे आले म्हंजी लागंल." पहिल्या चार वर्षांत तो संच मोजून सात वेळा बाहेर निघाला. मला रोजच्या चहाला मिळाला तो कान तुटलेला कप. गरम चहा भरला की तो पदराने धरावा लागे. कप माझा, चहा मीच केलेला, आणि चटकाही मलाच. आत्याबाईंचाही कप कान तुटलेलाच होता, हे मला पुष्कळ उशिरा दिसले. आपल्यापैकी किती जणींचा कप असा आहे? हात वर करू नका, मला ठाऊक आहे.

माझा स्वतःचा पहिला कप मी बोहारणीकडून घेतला. एक जुनी साडी आणि यजमानांची दोन विजारी देऊन तिच्याकडून मी पातेले घेणार होते. पण तिच्या टोपलीत एक एकटाच पातळ कप होता, त्यावर गुलाबाचे फूल. पातेले राहिले आणि कप घरी आला. त्यावर घरात काय बोलणी बसली ते सांगत नाही. पुढे सवय लागली. यजमान पुण्याला गेले की बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात डोकावतात. तेथे जोडी फुटलेले, एकटे पडलेले कप स्वस्त मिळतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तुम्हीही मला कप दिलेत, ते सगळे दुसऱ्या फळीवर आहेत.

प्रत्येक कपाला त्याची त्याची हकीकत आहे. वरच्या फळीवर निळ्या काठाचा एनॅमलचा मग आहे, दोन ठिकाणी टवके उडालेला. तो मामंजींचा. ते मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मामंजी काही महिने वाट पाहून गावी आले ते पुन्हा गेले नाहीत. वीस वर्षांच्या नोकरीतून घरी आल्या त्या एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि हा मग. दुसरा एक जाड पांढरा कप मुंबईच्या इराणी हॉटेलातला. हॉटेल बंद झाले तेव्हा दिरांनी आणला. तो इतका जाड आहे की चहा निम्मा आणि कपच निम्मा. तिसरा खुर्जाचा, उत्तर प्रदेशातला, हाताने वेलबुट्टी काढलेला. आणि दोन लहानसे कॉफीचे कप आपल्या शाळेवर पूर्वी असलेल्या बाईंनी बदली होताना दिले. त्या दुधाच्या कॉफीत जायफळ किसून घालीत. कॉफीचा कप लहान का, असे मी त्यांना विचारले, तेव्हा म्हणाल्या, "कॉफी कडक असते, थोडीच पुरते. आणि तेवढ्यात बोलणे मात्र पुष्कळ होते." एखादे दिवशी भात झोडून अंग दुखत असले की मी त्या कपात जायफळाची कॉफी करून घेते आणि ओसरीवर राजगडाकडे तोंड करून बसते. पाच मिनिटांचेच सुख, पण ते माझे असते.

आता उपयोगाचे चार शब्द. कप विकत घेताना त्याच्या काठावर बोटाच्या नखाने हलकेच टिचकी मारावी. अखंड कप टणकन वाजतो. तडा असेल तर बद्द आवाज येतो. कपाचा कान कपाबरोबर घडवीत नाहीत. तो वेगळा करून ओल्या मातीच्या रबडीने चिकटवतात आणि मग भट्टीत घालतात. म्हणून तुटतो तो आधी कानच. भरलेला कप उचलताना बुडाला हात द्यावा, आणि जड कप खिळ्याला कानाने टांगू नये. कपात कप घालून ठेवायचे तर मध्ये कागद घालावा. चहाचे डाग राखेने घासू नयेत, चकाकी जाते. खायचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन चोळावा. सोनेरी काठाच्या कपाला तर तेही नको, नुसते पाणी आणि मऊ फडके. थंडीच्या दिवसांत गार कपात एकदम उकळता चहा ओतू नये. आधी कोमट पाण्याने विसळावा.

उजेडापुढे धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते, असा एक पातळ कप माझ्याकडे आहे. त्याला बोन चायना म्हणतात. ही जात इंग्लंडात निघाली. तिच्या मातीत निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते. हे मला कळले तेव्हा मी आत्याबाईंना सांगितले नाही, कारण एकादशीला त्या आवडीने तोच कप मागून घेत. भगिनींनो, ही हाडांची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे यायचे आहे.

मंडळाच्या सहलीत आपण पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले, ते आठवते ना? दिनकरराव केळकरांनी आपल्या वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी ते उभे केले आणि १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केले. तेथे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, सांडशा, किसण्या, कुंकवाचे करंडे आहेत. आपल्यातली एक आजी तेथे म्हणाल्या, "अगं बया, ही तर माझ्या आईची किसणी!" बायकांच्या हातातल्या साध्या वस्तू काचेआड ठेवलेल्या पाहून माझा ऊर भरून आला. एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. वस्तू जपली की ती वापरणाऱ्या माणसाचीही आठवण जपली जाते. मग माझ्या मनात आले, आपल्या घरात कोणाची वस्तू आपण जपली आणि कोणाची नाही?

आता मी जे सांगणार आहे ते कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही. ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांची सून आज येथे, या सतरंजीवर बसली आहे. तिला विचारूनच मी बोलत आहे.

आमच्या पडवीच्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. मी नवी नवरी असताना त्यात एक पिवळट पडलेला, कान तुटलेला कप आणि वेगळ्याच संचातली बशी दिसली. कोणीतरी विसरले असेल म्हणून मी कप घासून आतल्या फळीवर ठेवला. आत्याबाई एकदम म्हणाल्या, "त्यो आत कशापायी आणलास? त्यो मावशीचा हाय." मी तो परत नेऊन ठेवला.

मावशी म्हणजे पलीकडच्या वस्तीवरच्या, आमच्याकडे भातलावणीला येत. आवणीच्या दिवसांत आमच्या भागात पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. डोक्यावर इरले, गुडघाभर चिखल, आणि ओणव्याने रोपे लावायची. एकाच खाचरात मी, आत्याबाई आणि मावशी. चिखल तिघींना एकच. पण चहाची वेळ झाली की मावशी कोनाड्यातून आपला कप काढीत, पन्हळीच्या पाण्याखाली विसळीत आणि पुढे धरीत. मी किटली उंच धरून वरून चहा ओतीत असे, कपाला किटली लागू नये अशी. पिऊन झाले की त्या कप धुऊन परत कोनाड्यात ठेवीत. मला कोणी असे शिकवले नाही. मी पाहून शिकले. अकरा वर्षे मी असा चहा ओतला. त्याच अकरा वर्षांत माझ्या फडताळात तीसएक कप जमा झाले, आणि आलेल्या-गेलेल्याला मी ते कौतुकाने दाखवीत होते.

२०११ च्या पावसाळ्यात एका रविवारी पुण्याकडची मुले-मुली राजगडावरून उतरली. चोर दरवाज्याची वाट निसरडी झालेली, सगळी चिंब भिजलेली. आमच्या पडवीत येऊन टेकली. मी गवती चहा घालून चांगला चहा केला. तोवर आत्याबाईंचा संचावरचा पहारा सैल झाला होता; मी निळ्या फुलांचे कप काढले आणि सगळ्यांना दिले. मावशी पडवीच्या टोकाला आपला कप घेऊन बसल्या होत्या. मंडळी चहा पिऊन, गोड बोलून निघून गेली. मावशींनी आपला कप विसळला आणि सहज विचारले, "सूनबाई, ही कोण म्हनायची?"

मी म्हणाले, "काय ठाऊक? पुण्याची असतील."

"नाव-गाव इचारलंस?"

"नाही."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "न्हाई, बरं केलंस. मी तर हितलीच की."

एवढेच बोलून त्यांनी कप कोनाड्यात ठेवला आणि इरले घेऊन खाचरात गेल्या. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. मी किटली हातात धरून तशीच उभी. ज्यांचे नाव मला माहीत नव्हते त्यांना मामाने दिलेला कप, आणि जिने माझ्या दोन बाळंतपणांत माझे अंग शेकले तिला कोनाडा. त्या रात्री मला झोप लागली नाही. जनावरांच्या हाडांचा कप आमच्या एकादशीला चालत होता, आणि या बाईचा हात लागलेला कप चालत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी निळ्या फुलांच्या कपात चहा भरून मावशींपुढे धरला. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "नगं बाय, फुटला म्हंजी?" मी कप त्यांच्याजवळ ओट्यावर ठेवला. चहा निवला. तिसऱ्या दिवशीही तेच झाले. चौथ्या दिवशी मी दोन कप भरले, एक त्यांच्यापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, "फुटला तर फुटला." तेव्हा त्यांनी कप उचलला, तोही दोन्ही हातांनी. आत्याबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी पाऊस फार होता. त्या चुलीशी बसल्या होत्या. खालमानेनेच म्हणाल्या, "मावशी भिजलीया, च्या दे तिला." कोणत्या कपात, ते त्या बोलल्या नाहीत. मला तेवढे पुष्कळ झाले. मनुष्य एका दिवसात बदलत नाही. मला स्वतःला अकरा वर्षे लागली.

अस्पृश्यता संपली असे आपल्या घटनेने १९५० साली सांगितले. ती पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. आमच्या कोनाड्यातला कप २०११ पर्यंत होता. कायदा दिल्लीहून निघाला, पण आमच्या पडवीपर्यंत यायला त्याला ५६ वर्षे लागली. त्याला वाटेत अडवणाऱ्यांत मीही होते.

पुढे या विषयावर मी मिळेल ते वाचू लागले, जाणत्यांना विचारू लागले. तेव्हा कळले की कपाचा हा तंटा फार जुना आहे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि त्या चहावरून एवढा गहजब झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे लिहिले आहे. एवढ्या मोठ्या माणसांना चहाच्या एका पेल्याने बेजार केले!

दुसरी हकीकत कोल्हापूरची. गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ राजवाड्यावर पागेत कामाला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना लोकांनी मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. त्यांनी चहाचे हॉटेल काढले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलापुढे उभी करून चहा मागवीत, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. छत्रपती पितात म्हटल्यावर नाही म्हणायची कोणाची छाती? महाराज १९२२ साली गेले. त्यांच्या स्मारकासाठी पुढे ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत हे गंगाराम होते. आणि आपल्या वरंध घाटापलीकडे महाडला १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी काय आणि चहा काय, प्रश्न एकच होता. मी हे आधी वाचले असते तर मावशींना अकरा वर्षे कोनाड्याशी जावे लागले नसते, असे मला वाटते. पण वाचूनही पुष्कळ जण किटली उंचच धरतात, हेही मी पाहिले आहे.

मावशी २०१९ साली गेल्या. त्यांचा कोनाड्यातला कप टाकून द्या, असे यजमान म्हणाले होते. मी टाकला नाही. तो माझ्या फडताळात मधल्या फळीवर आहे. त्याच्या शेजारी माझा नव्या नवरीचा कान तुटलेला कप आहे. दोन्हींत चहा भरत नाही. पाहुणे विचारतात, "एवढ्या सुंदर कपांत हे भंगार कशाला?" तेव्हा मी त्यांना बसवते आणि ही हकीकत सांगते. दिसायला सुंदर तेवढेच फडताळात मांडले, तर ते फडताळ खोटे बोलेल, असे माझे मत झाले आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये आपल्या राजगडाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता गावात येणारी माणसे वाढणार. त्यांना आपण चांगल्या कपात चहा देऊ. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो लवकर कुजत नाही आणि गडाच्या वाटेवर पडून राहतो. पण बाहेरच्यांना देताना घरातल्यांना आणि शेजारच्यांना विसरू नये, एवढे माझे मागणे आहे. आज घरी गेल्यावर पेटीतला संच बाहेर काढा. त्यातला एक कप स्वतःसाठी ठेवा, अखंड कानाचा. एक सासूबाईंना द्या. आणि गोठ्याच्या भिंतीत, पडवीच्या वळचणीला एखादा कप राहिला असेल तर तोही आत आणा.

माझे बोलणे लांबले. पलीकडे चहा उकळतो आहे, त्याचा वास तुम्हाला आलाच असेल. आज मंडळाचे नेहमीचे पेले मी काढू दिले नाहीत. फडताळातले पन्नासएक कप दोन टोपल्यांत पेंढा घालून मी येथे आणले आहेत. निळ्या फुलांचेही आहेत. जिला जो आवडेल तो तिने आपल्या हाताने उचलावा. फुटला तर फुटला.